कोरडा शिधा

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. माझं मला.

प्रोग्रॅम जवळजवळ तयार. नाव 'वासुदेव-तिथी'. तिथी, नक्षत्र, मुहूर्त, श्राद्धाचा दिवस, सगळं एका क्लिकवर. वासुदेव म्हणजे माझे वडील, वासुदेवशास्त्री मुंगीकर, ऊर्फ नाना. नानांचं नाव जगभर नेणार. पुण्याचं नक्षत्रमाला प्रकाशन पंचांग काढतं, ते प्रोग्रॅम हक्कांसकट विकत घ्यायला तयार आहेत. याच भरवशावर बँकेतून व्हीआरएस घेतली. माझी बायको शरदिनी म्हणाली होती की आधी सही होऊ द्या, मग राजीनामा द्या. बायकांना दूरचं दिसत नाही.

नानांनी जन्मभर लोकांना तिथ्या फुकट काढून दिल्या. वर गणितही फुकट शिकवलं. सबंध दूधविनायक मोहल्ला आमच्या ओसरीवर. कोणी उठून चहासुद्धा मागायचं. लहानपणापासून बघून बघून मला 'फुकट' या शब्दाची शिसारी बसली आहे. फुकट्यांची तर किळसच येते.

म्हणून प्रोग्रॅमला आधी कुलूप केलं. दीड वर्षातला बराचसा वेळ त्यातच गेला. दर महिन्याला शुद्ध चतुर्दशीला नवीन किल्ली लागते. चोरून कॉपी केली तर उघडणारच नाही. बनारसमध्ये एक पेन ड्राइव्ह सुटला की सबंध पक्क्या महालात, म्हणजे घाटांमागच्या जुन्या वस्तीत, फिरून येतो.

काल संध्याकाळी शेजारच्या मिश्राजींच्या वायफायवरून बॅकअप टाकला. पासवर्ड लावलेला नाही आणि ते भिंतीतून आपोआप येतं. आपण मागितलेलं नाही, तेव्हा याला फुकट घेणं म्हणत नाहीत.

४ सप्टेंबर, गुरुवार.

साफसफाई.

सूर्य-चंद्राचं गणित एका लायब्ररीतून घेतलं आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं आयतं गणित, आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून टाकायचं. नेटवर पडलेली होती, कडीकुलूप नाही. लेखकाचं नाव नुसतं 'रामनगर-पार'. कर्नाटकात एक रामनगर आहे, तिथला असणार. आपल्या गंगेपलीकडच्या रामनगरात लोक कंप्युटरवर लग्नपत्रिका छापतात.

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर बारीक इंग्रजीत लांबलचक मजकूर. कॉपीराइट, लायसन्स, अटी, कोणाचे तरी आभार, कोणाची तरी स्मृती. कामाच्या जागी हा भावनांचा कचरा कशाला? सगळ्या फाइलींतून एका झटक्यात उडवला. प्रोग्रॅम कसा स्वच्छ दिसायला लागला.

मनाला क्षणभर लागलं. पण आपल्या वैदिकांच्या घरात नियम सरळ आहे. कोरडा शिधा कोणाकडूनही घ्यावा. तांदूळ, डाळ, पीठ, गूळ. देणारा कोण, कुठला, विचारू नये. आपल्या चुलीवर चढला की तो आपला. परक्याचं शिजवलेलं मात्र चालत नाही, आणि परक्याचं भांडं तर नाहीच नाही. लायब्ररी हा कोरडा शिधा. शिजवला मी. विषय संपला.

एक नवल. गावाचं नाव दिलं नाही तर ही लायब्ररी सूर्योदयासाठी आपलीच एक जागा धरते. ते अक्षांश-रेखांश नकाशावर टाकून पाहिले. टिंब थेट आमच्या गल्लीत! अंगावर काटा आला. काशी हे विश्वाचं केंद्र आहे हे आता कर्नाटकातही मान्य झालेलं दिसतं.

१४ सप्टेंबर, रविवार. नानांची तिथी.

श्राद्ध झालं. ऋता आली होती. ऋता म्हणजे माझी धाकटी बहीण, पलीकडे रामनगरात राहते, डिग्री कॉलेजात गणित शिकवते. लग्नानंतरही मुंगीकर आडनाव ठेवलं, तेव्हाच मला खटकलं होतं. लहानपणी ओसरीवर त्या फुकट्यांच्या रांगेत हीसुद्धा पाटी घेऊन बसायची. मला नाना बोलवायचे. मला त्या वेळी कॉमर्सचा अभ्यास असायचा.

वड्यांचं पीठ मळता मळता तिनं विचारलं की दादा, प्रोग्रॅम दाखवतोस का. म्हटलं, ट्रेड सीक्रेट. ती हसली. मग म्हणाली, तिथी संपते त्या वेळेला नाना एक छोटी दुरुस्ती करायचे, ती घेतलीस ना? म्हटलं, माझी पद्धत नानांच्या पुढची आहे. ती वडे थापायला लागली. गणितवाल्यांना उत्तर सापडलं नाही की ते गप्प बसतात.

शरदिनी सांगत होती की ऋता फावल्या वेळात कंप्युटरवर देशोदेशीच्या लोकांबरोबर काहीतरी काम करते. पैसे? नाही म्हणे. नानांचाच रोग. असतो एकेका रक्तात.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

पुण्याहून मेल. नक्षत्रमालेत निनाद नावाचा मुलगा आहे, फार आदबशीर, वाक्यागणिक 'सर'. विचारतो, कंपायलर कोणता वापरला? बाहेरच्या लायब्रऱ्या कोणत्या? त्यांची लायसन्सं कोणती? बाकी सगळं स्वतःचं आहे असं लिहून द्याल का?

पुणेकरांचा संशयी स्वभाव. वीट आला वाचून.

लायब्रऱ्यांपुढे लिहिलं: 'नाहीत.' भात झाल्यावर तांदूळ कुठे उरतात?

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला चालेल असं करून देणारा प्रोग्रॅम. माझा कोणता ते बघावं लागलं. नेटवरून उतरवलेला, फुकटचा. त्याचं लायसन्स काय म्हणून शोधलं तर जीपीएल! म्हणजे हे घेऊन जो पुढं काही करील त्यानं आपला सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्यांना खुला करायचा. पानाचा वरचा अर्धा भाग वाचला. खालचा वाचायची ताकद उरली नाही.

दीड वर्ष परक्याच्या भांड्यात शिजवत होतो!

इतकी शिसारी आली की उठून आंघोळ केली. शरदिनीनं विचारलं की सकाळी केली होती ना. तिला काय सांगणार?

२३ सप्टेंबर, मंगळवार.

निश्चय. विकतचा कंपायलर घ्यायचा. पावतीसकट. शरदिनीला फ्रिज बदलायचा होता. तिला समजावलं की फ्रिज थंडीत कोणी घेत नाही. ती म्हणाली की थंडी अजून आलेली नाही. मुद्द्याला धरून बोलायची सवयच नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

नवा कंपायलर आला. नवं भांडं. शस्त्रपूजेला लॅपटॉप पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. अक्षतेचा एक दाणा एंटरच्या बटणाखाली गेला. आता एंटर दोनदा दाबावं लागतं.

त्या भांड्यात प्रोग्रॅम शिजेना. नुसत्या एररी. विकतच्या मालाचा हा दर्जा. घृणा वाटते. दुपारी कसाबसा शिजला. फुकटचा कंपायलर मशीनवरून पुसून टाकला, मनाला फार हलकं वाटलं.

आपट्याचं पान द्यायला मिश्राजींकडे गेलो. रेल्वेतून रिटायर झालेले, दिवसभर चबुतऱ्यावर बसतात. त्यांना सगळी हकिगत सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाले की महाराज, कड़ाही नई ले आए, पूड़ी तो वही है। हसले. लोकांना शुद्धतेची किंमत नाही.

निनादला कळवलं: सर्व काही शुद्ध. विकतच्या कंपायलरवर. पावती जोडली.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी.

दूध आटलं. मूड नासला.

ईशानीचा बंगळुरूहून फोन. माझी मुलगी, सॉफ्टवेअरमध्येच आहे, त्यामुळे तिला वाटतं आपल्याला कळतं. मोठ्या अभिमानानं भांड्याची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग म्हणाली की बाबा, आपने तो पूरा उल्टा समझ लिया। भांड्याला अट नाहीच. त्या कंपायलरवाल्यांनी साफ लिहून ठेवलं आहे की यातून जे निघेल ते तुमचं, विका, झाकून ठेवा, काही करा. तेच म्हणे त्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात होतं.

म्हणजे अट कशाला, विचारलं. तर म्हणते शिध्याला. जीपीएलचा तांदूळ घेतला तर शिजवा, खा, हवं तर भात विकासुद्धा. पण ज्याला वाढाल त्याला कृती पण द्यायची, तुमचा मसाला धरून, आणि त्यानं पुढं कोणाला वाढलं तर अडवायचं नाही.

असला तांदूळ आमच्या सात पिढ्यांत कोणी घेतला नसेल.

तिनं विचारलं की लायब्ररी कोणती आहे. म्हटलं, ट्रेड सीक्रेट. मग विचारलं की फाइलच्या हेडरमध्ये काय लिहिलं होतं. म्हटलं, मी स्वच्छता केली. नंतर म्हणाली की आईला फोन द्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

संकट टळलं!

ईशानीनं वाचायला पाठवलेल्यात निघालं की याच लायसन्सचा एक सौम्य प्रकारही असतो. त्यात लायब्ररी वेगळ्या फाइलीत शेजारी ठेवायची, म्हणजे पंगतीत शेजारी बसल्यासारखी. तिचं पान तिच्यापुढं, आपलं आपल्यापुढं. मग आपला सोर्स दाखवावा लागत नाही. दिवसभर खपून गणित सगळं वेगळ्या फाइलीत काढलं.

शेवटी आपली लायब्ररी कोणत्या प्रकारातली ते बघायला गेलो. ते त्या डोक्यावरच्या मजकुरात असणार, जो मी उडवला. नेटवर पुन्हा बघता आलं असतं, पण मिश्राजींचं वायफाय सकाळपासून बंद. लोक असे बेजबाबदार कसे राहू शकतात?

सौम्यच असणार. गणित लिहिणारी माणसं सौम्य असतात.

निनाद सोर्स बघायला मागतो, सारखा. पेन ड्राइव्हमध्ये घालून कुरिअरनं देऊन टाकला. भिऊन कोण राहतं? नावं तर मी सगळी काढलेलीच आहेत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

निनादचा फोन. सणाच्या दिवशी.

त्यांच्याकडे सोर्स तपासायचं एक यंत्र आहे. माझं सगळं गणित एका खुल्या लायब्ररीशी जुळलं. म्हणाला की सर, नावं काढली तरी आकडे तेच राहतात. आणि लायसन्स जीपीएल आहे, कडक प्रकारातलं. पुष्कळ जणांकडून नजरचुकीनं होतं असंही म्हणाला. त्याच्या त्या आदबीनं जास्तच किळस आली.

मग विचारतो की सर, लेखिकेचं नाव ऋता मुंगीकर आहे. तुमच्या नात्यातल्या का?

म्हटलं, मुंगीकर आडनाव आमच्याकडे फार कॉमन आहे.

बनारसमध्ये जन्मानं मुंगीकर दोनच. मी आणि ती.

दिवाळीनंतरपर्यंत मुदत दिली आहे. लेखिकेकडून वेगळ्या अटींवर लेखी परवानगी आणा, नाहीतर प्रोग्रॅम सोर्ससकट खुला करा, नाहीतर व्यवहार सोडून द्या.

रामनगर-पार! सख्ख्या भावापासून लपवून ठेवलं. पितृपक्षात माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून वडे थापत होती आणि एक अक्षर बोलली नाही. मी विचारलं नव्हतं हे खरं, पण विचारायचं तरी काय?

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी. पहाटे.

झोप लागली नाही. पण उत्तर सापडलं, आणि ते भलतंच सोपं आहे.

गुरुवारी भाऊबीज. ती ओवाळणार, मी ओवाळणी घालणार, आणि त्याच ताटाशेजारी परवानगीचा कागद ठेवणार. ओवाळल्यावर बहीण भावाला नाही म्हणत नाही. शास्त्रात असणार कुठंतरी. कागद टाइप केला: 'माझे ज्येष्ठ बंधू यांना मी स्वखुशीने...' फार छान उतरला आहे. घरातल्याच तांदळावर एवढा गोंधळ घालायचं खरं तर काही कारण नव्हतं.

ओवाळणीला साडी हवी. कंपायलरनंतर बाजारात जाण्यासारखी परिस्थिती नाही. शरदिनीच्या कपाटात तिच्या भावानं दिलेली एक जांभळी आहे, घडी मोडलेली नाही. घडी न मोडलेली साडी म्हणजे कोरडा शिधाच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार.

ईशानी घरी आली आहे. फराळ कमी, चौकशी जास्त. मी आंघोळीला गेलो असताना लॅपटॉप उघडून बसली. म्हणते, ऋताआत्याचं बाजूला काढलं तर यात तुमचं काय उरतं बघितलंत का? गणपतीचा फोटो, केशरी रंग आणि कुलूप.

म्हटलं, कुलूप हाच प्रोग्रॅमचा आत्मा आहे.

मग सहज म्हणून सांगते की त्या लायब्ररीत तिनं स्वतःसुद्धा मागं एक चूक दुरुस्त करून दिली होती. अधिक मासाची. पोटची मुलगी! घरात सगळे एकमेकांना फुकट वाटत सुटले आहेत आणि कमावायचा विचार करणारा मी एकटा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

तिघं रामनगरला निघालो. पुलावर ही गर्दी. ऑटोवाला सगळ्या वाटेवर भोजपुरी गाणी लावून होता. वैताग.

ऋतानं पाट मांडला, ओवाळलं. मी साडी दिली. शरदिनीनं साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग कागद पुढं केला. ऋतानं चष्मा लावून सगळा वाचला, दोनदा. म्हणाली की दादा, ही सही मी एकटी कशी करू? ह्यात किती जणांनी काय काय घातलं आहे. कोणी केरळातला, कोणी नेपाळातली, कोणी कुठला. आपली ईशानी. प्रत्येकानं दिलं ते ह्याच अटीवर दिलं की पुढं खुलं राहील. त्या सगळ्यांना विचारावं लागेल, आणि मला विचारायचं नाहीये.

म्हटलं, मी तुझा भाऊ आहे. म्हणाली, म्हणूनच बसवून दाखवते.

लॅपटॉप आणला. एका बाजूला तिची फाइल, दुसऱ्या बाजूला माझी, ईशानीनं आणलेली. आकडे सारखे. फक्त तिच्या फाइलच्या डोक्यावर तो इंग्रजी मजकूर, माझी वरून कोरी. मला म्हणाली, वाच. चष्मा घरी राहिला होता. मग तिनंच मराठी करून वाचलं:

ही पद्धत दूधविनायक, काशी इथले वासुदेवशास्त्री मुंगीकर यांनी आपल्या ओसरीवर आम्हांला शिकवली. त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. एकच अट घातली, की तुम्हांला कोणी विचारायला आलं तर तुम्हीही सांगायचं. तीच अट पुढं चालू.

म्हणून सूर्योदयाची जागा आमची गल्ली. ते टिंब ओसरीचं होतं.

ऋता चिडली नाही. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. एवढंच म्हणाली, माझं नाव काढलंस ते असू दे दादा, नानांचं का काढलंस?

म्हटलं, प्रोग्रॅमला नानांचंच नाव दिलंय की मी.

ईशानी खिडकीतून बाहेर बघत होती.

निरांजनाचा धूर डोळ्यांत गेला, बराच वेळ पाणी थांबेना. आजकाल तूप भेसळीचं मिळतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

मुद्दे शांतपणे मांडतो. अक्षर फार बारीक होतं. इंग्रजी होतं. नानांचं नाव इंग्रजीत वाचायची सवय नाही. वर 'कॉपीराइट' असं लिहिलेलं असलं की खाली आपले वडील असतील असं कोणाला वाटेल? माझ्या जागी कोणीही असता तरी हेच केलं असतं.

शरदिनीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली की साडीचा मुद्दा राहिला.

वाईट वाटतंय. इथं लिहायला हरकत नाही. ओसरीवर नाना बोलवायचे तेव्हा मी आतून 'आलो' म्हणायचो आणि जायचो नाही, ते सारखं आठवतंय. उबग आला आहे. या वेळी कोणाचा ते नीट सांगता येत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार.

निनादचा फोन. मीच आधी ऐकवणार होतो की व्यवहार मी मोडतो आहे. त्यानं संधी दिली नाही.

त्यांना आता प्रोग्रॅम नकोच आहे. ते फक्त पंचांग छापतात. ऋताची लायब्ररी ऑफिसात चालवून आकडे काढायचे आणि छापायचे, त्याला कसलीही अट नाही. छापलेला आकडा म्हणजे आकडा. ऋताशी बोलणं झालं म्हणाला. येत्या पंचांगाच्या पहिल्या पानावर 'गणित: वासुदेवशास्त्री मुंगीकर, काशी यांच्या पद्धतीने' असं छापणार. महाराष्ट्रभर जाईल.

म्हणजे नानांचं नाव जगभर न्यायचं ठरवलं होतं तसं ते चाललंच आहे. मी सोडून.

विचारलं की माझं काय? म्हणाला की सर, तुमच्यामुळे आम्हांला मॅडम मिळाल्या. मनापासून आभार.

कंपायलरवाल्या दुकानदाराला फोन केला. परत घेत नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार. देव दीपावली.

ठरवलं. प्रोग्रॅम सोर्ससकट खुला करायचा. दबावाखाली नव्हे. मोठ्या मनानं.

ईशानीनं कसं करायचं ते फोनवर सांगितलं. आधी प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ऋताचा तो मजकूर परत लावला. एंटर दोनदा दाबत दाबत. या वेळी वाचत वाचत लावला. नानांच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे.

अपलोड करायला बसलो तर वायफायला पासवर्ड. मिश्राजींच्या नातवानं आजच घातला, गर्दीतले लोक वापरतात म्हणून. खाली जाऊन मागावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा मागितला. कागदावर लिहून देत मिश्राजी म्हणाले की महाराज, आपका नाम तो दो साल से हमारी लिस्ट में दिखता है, हम सोचे घर के आदमी हैं, क्या टोकें। जिना चढून वर आलो.

संकठा घाटावर माणसांना माणसं लागत होती. सगळे दिवे बघायला आलेले, अर्थातच फुकट. एकानं माझ्या खांद्यावर पोर ठेवून फोटो काढला. किळस यायला हवी होती. पोरगं हसत होतं.

९ नोव्हेंबर, रविवार.

सकाळपासून दर तासाला बघतोय. खुला केलेला प्रोग्रॅम जगानं अजून उचललेला नाही. एक तक्रार तेवढी आली आहे. रामनगर-पारकडून.

तक्रार कुलपाबद्दल. ज्या महिन्यात शुद्ध चतुर्दशीचा क्षय असेल, म्हणजे ती तिथी कोणत्याच सूर्योदयाला सापडत नाही, त्या महिन्यात किल्ली तयारच होत नाही. प्रोग्रॅम उघडणार नाही. विकत घेणाऱ्याला नाही आणि मलाही नाही. पुढच्या वर्षांच्या तारखा घालून पाहिल्या. खरं आहे. तिथ्यांच्या प्रोग्रॅमला कुलूप केलं आणि क्षयतिथी विसरलो. नानांच्या ओसरीवरच्या पाटीवाल्या पोरांनाही ती ठाऊक असायची. ऋतानं असं काही लिहिलेलं नाही. नुसतं विचारलं आहे की दादा, काढून टाकू का?

दुपारभर विचार केला. काढ म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

ईशानी म्हणाली की लायब्ररीचं पान बघा. तिथं काम केलेल्या सगळ्यांची यादी असते. उघडलं.

सगळ्यांत वर नाना. मग ऋता. मग तो केरळातला, ती नेपाळातली, आणखी कोण कोण, प्रत्येकापुढं त्यानं काय केलं ते. मधे ईशानी, अधिक मासाची दुरुस्ती. अगदी तळाशी नवीन भर: 'वेणीमाधव मुंगीकर: नानांचं नाव परत लावलं.'

तिडीक गेली डोक्यात. लगेच ऋताला फोन लावला. म्हटलं, दीड वर्ष! नोकरी सोडली! कंपायलर विकत घेतला! आणि माझ्या नावापुढं एवढंच? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की दादा, आणखी काही असेल तर सांग, ते पण लिहिते.

फोन ठेवला. प्रोग्रॅम पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट तपासला.

तेवढंच आहे.